दवनीवाड्यातला पाहुणा बाप

गाडी गोंदिया स्टेशनात शिरली तेव्हा ऊन इतकं कडक होतं की फलाटावरच्या कुत्र्यांनी पाण्याच्या नळाखालची ओली जागा अडवून ठेवली होती. माझी दोन्ही मुलं दारात उभी होती. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी आरडाओरडा सुरू केला, "मामा! मामा!" सकाळी नागपूरच्या घरी मी त्यांना घ्यायला गेलो, दोन महिन्यांनी भेटत होतो, तेव्हा यातला पाव आवाजसुद्धा निघाला नव्हता. "हाय बाबा," एवढंच. तेही मोबाइलमधून मान वर न करता.

गर्दीतून माझा मेहुणा खेमराज आला. खांद्यावर दुपट्टा, पायात रबरी चप्पल. त्यानं पिशवी खाली ठेवली, वाकला, आणि आधी ऋताच्या, मग ओजसच्या पायांना दोन्ही हात लावून ते कपाळाला लावले. ऋता अकरा वर्षांची, ओजस सात. दोघं आपली उभी, जसे काही जन्मभर लोक त्यांच्या पायाच पडत आलेत.

"रामराम, जवाईबापू," तो मला म्हणाला. "लय तपून राहिलं ना?"

तपत होतंच. पण त्यात उन्हाचा वाटा अर्धाच होता.

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. माझ्या बायकोचं, स्मिताचं माहेर गोंदियाजवळचं दवनीवाडा. पोवार शेतकऱ्यांचं घर. पूर्वज माळव्यातून आले, इथे धान पिकवत राहिले. या भागात भाचा-भाची म्हणजे पूज्य. मामानं त्यांच्या पाया पडायचं, त्यांनी मामाच्या पडायचं नाही. मामानं त्यांना काम सांगायचं नाही, उष्टं द्यायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही. आमच्या सासवडला मामा म्हणजे कान उपटणारा माणूस. लग्नात हे सगळं पाहिलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती. तेव्हा मला मुलं नव्हती.

दोन वर्षांपूर्वी स्मिताची बँकेतून नागपूरला बदली झाली. मुलं तिच्याबरोबर गेली, मी नोकरीपायी पुण्यात माझ्या आईजवळ राहिलो. नागपूरहून गोंदिया दोन-अडीच तासांवर. म्हणजे जरा सुट्टी लागली की मुलं मामाकडे, आणि मी फोनवर. या मे महिन्यात मी आठवड्याची रजा काढली. बेत असा की मुलांना घेऊन दवनीवाड्याला जायचं, तिथे त्यांना भरपूर फिरवायचं, रमवायचं आणि परत जाताना उरलेल्या सुट्टीसाठी पुण्याला न्यायचं. स्मितानं एकच अट घातली. "त्यांना विचार. हो म्हणाली तर खुशाल ने. रडवून ओढून नेऊ नकोस." मी नागपुरातच विचारलं. ओजस म्हणाला, "बघू." ऋता म्हणाली, "मामाकडे जाऊन तर येऊ आधी." आता बापानं यावर काय बोलायचं!

दवनीवाड्याचा रस्ता धानाच्या बांध्यांमधून जातो. उन्हाळी धान कापायला आलेलं होतं, आणि जिथे कापून झालं होतं तिथे नुसती करपलेली, भेगाळलेली जमीन. मध्येच एखादं मोहाचं झाड आणि त्याच्या सावलीत बसलेली माणसं. घरी पोहोचल्यावर दारातच पितळी परात मांडलेली. खेमराजनं भाच्यांना पाटावर उभं केलं आणि स्वतः खाली बसून त्यांचे पाय धुतले. तांब्यानं पाणी ओतत होती त्याची मुलगी, दिव्यानी. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, फ्रॉकच्या खिशात कैरी. ती नेमानं पाणी ओतत होती, पण तिचं लक्ष पायांकडे नव्हतं. ती बापाच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. मीही तिकडेच बघत होतो. आमची नजरानजर झाली आणि तिनं पटकन तांब्या खाली ठेवला.

जेवायला आयते (तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी), लाखोरीची डाळ आणि कैरीचा ठेचा. वहिनी, म्हणजे खेमराजची बायको, वाढत होत्या आणि खेमराज टोपलीतले आंबे एकेक दाबून, हुंगून बघत होता. चांगला निघाला की ओजसच्या ताटात, दुसरा ऋताच्या. मग मला. दिव्यानीला शेवटी एक मिळाला, देठाकडून जरा काळा पडलेला. तिनं तो भाग चावून थुंकला आणि बाकीचा खाल्ला.

"मामा, उद्या बोडीवर जायचं?" ओजसनं विचारलं.

"जाऊ ना, भाचेजी! तुमी म्हनान तिकडे."

"उद्या नाही," मी मध्येच म्हणालो. "उद्या आपण गोंदियात फिरणार आहोत. मी सगळं ठरवलंय."

ठरवलं होतं म्हणजे मोबाइलवर बघून ठेवलं होतं. सकाळी एसटीनं निघालो. आधी शहरातली बाग. तिथल्या घसरगुंडीवर तवा ठेवला असता तर आयते निघाले असते. गेटवरचा माणूस सावलीत पेपरानं वारा घेत होता. गोंदिया शहरात हिंदीच जास्त चालते. तो म्हणाला, "साहब, शाम को आना. इस टाइम बच्चों को कौन घुमाता है?" मी म्हणालो, हम पुणे से आए हैं. तो म्हणाला, "तो क्या हुआ, धूप तो वही है."

तिथून बाजारपेठेतल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात गेलो. मोटारी, बंदुका, नाचायचं मशीन, सगळं होतं. गारवा होता. मुलं खुलली. ओजस मोटारीत बसला, मी शेजारी उभा राहून "वळव, वळव!" असं ओरडू लागलो, आणि लाइट गेली. दुकानवाला म्हणाला, "बैठो भैया, अभी आ जाएगी." आम्ही बसलो. अंधारात, घाम पुसत, बंद मोटारीच्या शेजारी. लाइट काही आली नाही. शेवटी गोळेवाल्याकडे रंगीत बर्फ खाल्ला, तो ओजसच्या शर्टावर सांडला, आणि चारच्या एसटीनं आम्ही परत निघालो.

गाडीत ऋता माझ्या दंडाला टेकली. मला वाटलं, लेकीला माया आली. ती हळूच म्हणाली, "बाबा, उद्या मामाबरोबर जाऊ या ना? तुम्हीपण या." तिनं ते फार गोड सांगितलं. एखाद्या ढ मुलाला खेळात घेतात ना, तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बसमध्ये काय करणार?

दुसऱ्या दिवशी बोडी. बोडी म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी शेतात खणलेलं लहान तळं. मेमध्ये पाणी गुडघ्याएवढं उतरतं आणि मग अख्खी आळी हातानं मासे पकडायला चिखलात उतरते. खेमराजनं ओजसला खांद्यावर घेतलं, ऋताचा हात धरला आणि सरळ मध्यात गेला. पाच मिनिटांत माझी पुण्याची मुलं ओळखू येईनात. चिखलात बुडालेली, किंचाळणारी, दोन्ही हातांनी मासा छातीशी धरून नाचणारी. "मामा, हा बघ! मामा, हा गेला! मामा!" तासभरात 'बाबा' हा शब्द मी ऐकला नाही. मुद्दाम कान देऊन होतो.

मग मीही पँट दुमडून उतरलो. म्हटलं, चिखलात काय अवघड आहे? वाकलो, हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं, जोरात मूठ आवळली, आणि आई गं! शिंगी मासळी होती. तिच्या पंखाला काटा असतो आणि तो लागला की खांद्यापर्यंत कळ जाते. मी बोंबललो. अखेर 'बाबा' ऐकू आलं. "बाबाला मासा चावला! बाबाला मासा चावला!" ओजस मामाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होता.

वहिनींनी काठावर विटांची चूल मांडलीच होती. त्यांनी पाणी तापवलं आणि मला हात त्यात बुडवून बसायला सांगितलं. दिव्यानी पाण्याचं पातेलं घेऊन माझ्याजवळ बसली. तिचा फ्रॉक कोरडा होता.

"तू नाही उतरलीस?" मी विचारलं.

"मी त रोजच राहतो इथं," ती म्हणाली. (इकडे मुलीही 'मी राहतो, मी येतो' असंच बोलतात.) तिची नजर बोडीकडे होती. मग म्हणाली, "बाबूजी मले खांद्यावर घेत नाई आता. म्हनते, तू मोठी झाली. ऋताताई त माह्याहून मोठी हाये ना, फुफाजी?"

फुफाजी म्हणजे आत्याचा नवरा. तिकडे खेमराजनं ऋतालाही पाठुंगळी घेतलं होतं आणि ती त्याच्या डोक्यावर चिखल थापत होती. आम्ही दोघंही त्या तिघांकडे बघत राहिलो, एकाच नजरेनं.

"उद्या तुमी कुठं जाऊन राहिले?" तिनं विचारलं. "मी भी येऊ का?"

उद्याचा बेत माझा हुकमाचा पत्ता होता. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा. त्याचे फोटो मी मुलांना पुण्यातून आधीच पाठवले होते. हिरवागार डोंगर आणि त्यावरून कोसळणारं दुधासारखं पाणी. खेमराजला मी स्वच्छ सांगितलं, तुम्ही यायची गरज नाही, कापणी चालू आहे तुमची. तो काहीतरी बोलणार होता. "पन जवाईबापू, आता तिकडे..." मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, आम्ही बघतो आमचं.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो, मी आणि तीन मुलं. सालेकसा गेलं तसा सपाट मुलूख संपला आणि टेकड्या सुरू झाल्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना जंगल, उन्हानं पिवळं पडलेलं. एका मोकळ्या जागेत हिरव्या पानांच्या जुड्या ओळीनं वाळत घातल्या होत्या, मैदानभर. "हे काय, बाबा?" ओजसनं विचारलं. मला माहीत नव्हतं. दिव्यानी म्हणाली, "तेंदूपत्ता होय. बिडीचा." आणि विचारल्याशिवाय एकही शब्द जास्त बोलायचा नाही असं ठरवल्यासारखं तिनं तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. खिडकी मी तिला दिली होती. गाडीत चढतानाच तिनं इतक्या हळू आवाजात "मी तिकडे बसू का?" विचारलं की दुसऱ्या कुणाला देणं शक्यच नव्हतं.

दरेकसाचं स्टेशन लहानसं, झाडांत लपलेलं. तिथून पायी गेलो. मी पुढे, गळ्यात दुर्बीण. शेवटचं वळण घेतलं आणि थांबलो. समोर उंच काळा कडा. कड्यावर एक ओला पट्टा, भिंतीला ओल आल्यासारखा. खाली एक डबकं. डबक्याकाठी चार माकडं बसून आमच्याकडे बघत होती.

ऋतानं माझा मोबाइल घेतला, त्यातला फोटो उघडला आणि हात लांब करून कड्याशेजारी धरला. "बाबा," ती म्हणाली, "हाच का?"

मी म्हणालो, पाणी थोडं कमी आहे. दिव्यानी तेवढ्यात डबक्यात पाय सोडून बसलीसुद्धा होती. म्हणाली, "थंड हाये, फुफाजी." त्या अख्ख्या दिवसात माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य.

ओजस मात्र कंटाळला होता. तो कड्याच्या बाजूच्या खडकांवर चढायला लागला. मी नको म्हणालो. तो आणखी वर गेला. मी ओरडलो, "ओजस, खाली ये!" तो वरून म्हणाला, "मामा कधीच नाही म्हणत नाही!" आणि पुढचा पाय टाकला. खडे घसरले. तो पोटावर आपटला आणि सरकत खाली यायला लागला. मी धावत जाऊन त्याची तंगडी पकडली, ओढून छातीशी धरला, आणि मग भीतीनं की रागानं कोण जाणे, पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

त्यानं जे भोकाड पसरलं ते स्टेशनपर्यंत. "मला मामा पाहिजे! मला मामाकडे जायचंय!" एकच पालुपद. फलाटावर एक म्हातारी पानाच्या द्रोणात टेंभरं (तेंदूची पिवळी गोड फळं) घेऊन बसली होती.

"काऊन रडते जी पोरगा?" तिनं विचारलं.

"धबधबा बघायला आलो होतो," मी म्हणालो.

"आता कायचा धबधबा, बाप्पा!" ती खो खो हसली. "सावनात या."

मी तिच्याकडून टेंभरं घेतली. पहिला द्रोण दिव्यानीपुढे धरला. तिनं हात मागे घेतले. "आधी त्यायले द्या," ओजसकडे बघून म्हणाली.

"आमच्याकडे पाहुण्याला आधी देतात," मी म्हणालो. "घे."

तिनं द्रोण दोन्ही हातांनी घेतला. एकेक फळ फोडून सावकाश खाल्लं, बिया ओळीनं बाकावर मांडल्या. मला त्या पोरीचं खाणं बघायला इतकं बरं वाटत होतं की ऋता दोनदा "बाबा, मी पण आहे" म्हणाली ते मला जरा उशिरा ऐकू आलं. "अगं, मिळेल की तुला," मी म्हणालो. तिनं मग घेतलीच नाहीत. म्हणाली, असली फळं तिला आवडत नाहीत.

घरी पोहोचताच ओजस सुसाट पळत गेला आणि अंगणात खाटेवर बसलेल्या खेमराजच्या गळ्यात पडला. सगळी तक्रार झाली. धबधबा नव्हता, माकडं होती, बाबानं मारलं. खेमराज त्याची पाठ चोळत "हाव भाचेजी, हाव" करत होता. मुलं आत जेवायला गेली आणि चार दिवस दाबून ठेवलेलं माझं सगळं बाहेर पडलं.

"तुम्ही लाडावून ठेवलंय त्यांना," मी म्हणालो. "तुम्ही त्यांच्या पाया पडता, पाय धुता, मागतील ते देता. मग बापाला कोण विचारतो? मी वर्षातून चार वेळा भेटतो. मी नाही म्हटलं की वाईट, आणि तुम्ही? तुम्ही कधी नाही म्हणतच नाही! मला माझी मुलं पुण्याला न्यायचीत, खेमराजभाऊ. ती तुमच्या अंगणातून हलायला तयार नाहीत."

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला.

"म्हनता नाई येत, जवाईबापू," तो म्हणाला. "तुमाले लागते, मी म्हनत नाई. मले म्हनताच येत नाई. मांगच्या साली ओजस विहिरीच्या काठावर चढला. मी खाली हात जोडून उभा. उतरा जी भाचेजी, उतरा जी. थे हासून राहिले. उतरले तवा माह्या अंगात नुसता राग. आन समोर दिव्यानी होती. तिलेच दोन ठेवून देल्या."

"तिनं काय केलं होतं?"

"काई नाई."

आतून वहिनींचा आवाज आला. त्या दाराशीच उभ्या होत्या. "त्या दिवशी जेवली भी नाई पोरगी," त्या म्हणाल्या. "अशीनच होते हरघडी. राग भाच्यायचा, मार तिले."

खेमराज खाली बघत बसला. मी भांडायच्या तयारीनं आलेलो, माझी हवाच गेली. इतके दिवस मी ज्या माणसावर जळत होतो त्याची जागा मला कुणी देऊ केली असती तर मी घेतली नसती. तरी खरं सांगतो, जळणं काही थांबलं नाही. ओजस जेवून बाहेर आला आणि त्याच्याच मांडीवर झोपला.

शेवटच्या संध्याकाळी अंगणात सगळे बसलेले असताना मी मुलांना विचारलं. सरळच. "उद्या माझ्याबरोबर पुण्याला येता? आजी वाट बघतेय."

ओजसनं लगेच "नाही" म्हटलं आणि मामाच्या पाठीमागे लपला. ऋतानं थोडा वेळ घेतला. "पुढच्या वेळी, बाबा. इथे अजून आंबे उतरवायचेत." वहिनी भांड्यांची उगाच उलथापालथ करू लागल्या.

"मी येतो, फुफाजी," दिव्यानी म्हणाली.

सगळे हसले. सुटल्यासारखं झालं सगळ्यांना. ती मात्र हसली नाही. उठून आत गेली आणि दप्तरातली पुस्तकं काढून त्यात दोन फ्रॉक कोंबून बाहेर आली.

"तुले कायले जाची हाये वं तिकडे?" खेमराजनं विचारलं.

"तिथं मी पाहुनी राहीन," ती म्हणाली. "फुफाजीकडे पाहुन्याले आधी देते."

खेमराजचा चेहरा एकदम उतरला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्या जी," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस तिचे भी होऊ द्या." मी स्मिताला फोन केला, मग आईला. आई म्हणाली, "अरे, घरात पोर येतंय, विचारतोस काय?"

सकाळी खेमराज आम्हाला गोंदियाला सोडायला आला. ऋता-ओजस पण आले. मी दिव्यानीला खिडकीत बसवलं. गाडी सुटायला वेळ होता. खेमराज खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली, परत जाऊन चिक्की आणली. "रडशीन नको," म्हणाला. "मी कायले रडू?" ती म्हणाली आणि मला विचारलं, "फुफाजी, पुण्यात उसाचा रस भेटते का?" गाडी हलली तेव्हा तिनं हात हलवला खरा, पण तोंडात चिक्की होती आणि नजर पुढे. खेमराज गाडीबरोबर चालू लागला. त्याचा तो चेहरा मी चांगला ओळखत होतो. आठवडाभर दाढी करताना आरशात रोज बघितला होता. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. आणि भंडारा रोड येईपर्यंत वाईटही वाटायला लागलं.

नागपूरला स्मिता डबा घेऊन फलाटावर आली होती. दिव्यानीला जवळ घेतलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि आपली?"

"आंबे उतरवायचेत," मी म्हणालो. तिनं माझा हात दाबला.

वर्धा मागे पडलं तेव्हा फोन वाजला. ऋता.

"बाबा, ती कुठे बसलीय?"

"खिडकीत."

"आणि तुम्ही?"

"तिच्या शेजारी."

"आजीजवळ कोण झोपणार?"

"झोपेल तीच. का गं?"

"सिंहगडावर नेणार तिला?"

"नेईन की."

"माझ्याशिवाय?" आणि मग आवाज फुटलाच. "तुम्ही माझे बाबा आहात! तिचे नाहीत! आम्हाला पण यायचंय. मामाला सांगते, आजच रात्रीच्या गाडीनं आणून सोड. ओजस पण रडतोय. बाबा, सांगा ना मामाला!"

आठवडाभर ज्या एका वाक्यासाठी मी चिखलात उतरलो, काटा टोचून घेतला, कोरडे धबधबे पालथे घातले, ते वाक्य असं धावत्या गाडीत कानाशी आलं. माझ्यावरून कुणीतरी जळत होतं! माझे डोळे भरून आले. "ये," असं म्हणणारच होतो.

दिव्यानी माझ्याकडे बघत होती. फोनमधलं रडणं तिला ऐकू येत होतं. तिनं डब्यातला लाडू अर्धाच खाल्ला होता, तो हळूच परत डब्यात ठेवला.

"थे येऊन राहिले का, फुफाजी?" तिनं विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आतच खिडकीतून उठून कडेला सरकली. जागा करून दिली.

मी फोनवर म्हणालो, "ऋता, राणी, रविवारी ये. मामा आणून सोडेल. रविवारपर्यंत ही एकटीच पाहुणी आहे आमच्याकडे."

"रविवार? तो केवढा लांब आहे!"

"हो. लांब आहे."

तिनं फोन आपटला. मी दिव्यानीला पुन्हा खिडकीत बसवलं आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. अकोला येईपर्यंत मी दोनदा ऋताचा नंबर काढला आणि मोबाइल परत खिशात ठेवला. आपल्या लेकीला, ती स्वतःहून येते म्हणत असताना, थांब म्हणणारा बाप मी. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

आज पुण्यात परत येऊन चार दिवस झाले. दिव्यानी माझ्या आईशेजारी झोपते, पहिली पोळी तिच्या ताटात पडते, आणि काल तिनं माझ्या आईला अंघोळीवरून चक्क उलट उत्तर दिलं. आईनं तिला रागे भरलं, तर ही हसली. खेमराज रोज सकाळी फोन करून "माही आठवन काढते का जी?" असं विचारतो. काढते म्हणतो मी.

ऋता अजून माझ्यावर रुसलेली आहे. पण संध्याकाळ झाली की तिचा फोन येतोच. हाय नाही, हॅलो नाही. पहिला प्रश्न एकच, "आज कुठे नेलंत तिला?" मी सगळं सांगतो. जरा वाढवूनच सांगतो.